सुल्तानाच्या वाटची फेरी

आसिमिना झाग्ला हे नाव अथेन्समध्ये फार तर दोनशे माणसांना माहीत होतं, आणि ती दोनशे माणसं एकमेकांनाही ओळखत होती. त्यातली निम्मी तिचे प्रयोग बघायला यायची आणि उरलेल्या निम्म्यांनी प्रयोग बघून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती नाच बसवायची, पण तिच्या नाचात कुणी नाचत नसे. नाटकं करायची, पण त्यांत कुणी बोलत नसे. एकदा बंद पडलेल्या सूतगिरणीत तिनं प्रेक्षकांना दोन तास उभं ठेवलं आणि नर्तकांना खुर्च्यांवर बसवलं. तिकीट काढून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरनं न राहवून विचारलं, की बाई, सुरू कधी होणार? आसिमिनानं त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं. पुढं ती सांगायची, की त्या संध्याकाळी जिवंत असं तेवढंच काय ते घडलं.

तिची टिंगल करणाऱ्यांनाही एक मात्र मान्य करावं लागे, की 'मंगळवार' तिचं होतं. सत्त्याऐंशी सालचं नाचाचं ते काम. त्याच्या जोरावर बाई पुढची तीस वर्षं जगली. त्यापायी घरातलं काय गेलं, हे तिला साठी उलटून गेल्यावर कळलं, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून.

मावरोव्रिसी हे तिचं गाव एपिरसच्या डोंगरात, यानिना शहराहून बसनं निघालं की वळणावळणांनी वर चढत राहायचं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी गावातल्या बायका चर्चच्या अंगणात एकमेकींचे हात धरून नाचतात. क्लॅरिनेट नाही, ढोल नाही, बायकाच गातात. ओळ उजवीकडं जाते, जशी ती इतर गावांतही जाते. शेवटी मात्र ओळ वळते आणि डावीकडं निघते, ती त्या वर्षात गेलेल्यांसाठी. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरच्या बाईनं तेव्हा पुढं व्हायचं, बायकोनं किंवा मुलीनं. एका मेलेल्या माणसाच्या वाट्याला एकच फेरी. ती चुकली तर पुढच्या वर्षी मिळत नाही. आणि ज्या घरात कुणी गेलेलं नाही, तिथली बाई डावीकडं पाऊल टाकत नाही, चेष्टेतसुद्धा नाही.

आसिमिना अठराव्या वर्षी टायपिंग शिकते म्हणून अथेन्सला गेली आणि नाचाच्या शाळेत शिरली. नंतर दोन वर्षं जर्मनीत काढून आली ती केस बारीक कापून आणि डोक्यात एक खूळ घेऊन. आपण आजवर शिकलो ते सगळं खोटं, खरा नाच कुठं असेल तर तो आपल्या आईच्या पायांत आहे, असं तिचं म्हणणं. खूळ म्हटलं तरी त्यात तथ्य होतं. तिची आई सुल्ताना नाचाला पुढं असली की चर्चच्या भिंतीला टेकून बसलेले म्हातारे सिगरेट विझवत.

तेव्हा आसिमिना गावात आली आणि म्हणाली, सहा बायका अथेन्सला न्यायच्यात, डावीकडची फेरी रंगमंचावर करायची, आई पुढं असेल. सुल्तानानं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तुझा बाप तो काय, समोर बसून कॉफी पितोय," ती म्हणाली. "मी वळू कुणासाठी?"

"आई, ते चर्चचं अंगण नाही. रंगमंचावर काही खरं नसतं."

"मग कशाला करायचं?"

मदतीला धावला तो बापच. कित्सोस हा लाकडाच्या वखारीत काम करणारा हसरा माणूस, एकुलत्या मुलीचं त्याला फार. तो म्हणाला, जाऊ दे तिला सुल्ताना, मी मरेन तेव्हा निदान सराव तरी झालेला असेल. सगळे हसले, सुल्तानासुद्धा हसली. लेकीच्या हट्टापायी ती गेली.

तालमी थंडीभर चालल्या. गावच्या सहा बायका अथेन्समधल्या कीप्सेलीतल्या एका गॅरेजात, अंगावर दोन दोन स्वेटर, आणि आसिमिना स्टुलावर उभी राहून ओरडतेय. आपल्या आईवर, मावशीवर, जिनं लहानपणी न्हाऊ घातलं त्या शेजारणीवर. हे काढून टाका, ते फार लाडिक आहे, पुन्हा, पहिल्यापासून पुन्हा. बायका गुपचूप करत. पोरीचं नाव व्हायचंय, हे त्यांना समजत होतं.

आता 'मंगळवार'मधल्या, एका पायावरच्या त्या थांब्याची गोष्ट. ओळ वळली की दिवा रंगमंचाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं जायला हवा होता. दिव्यावर लाबिस होता, आसिमिनाचा जन्मभराचा मित्र आणि जन्मभराचा आळशी. दिवा कधीच वेळेवर पोचेना. बायका अंधारात चालत जायच्या आणि उजेड मागून धावत यायचा. शेवटी वैतागून आसिमिनानं बायकांना सांगितलं, की वळल्यावर डावा पाय उचला आणि तसाच अधांतरी धरा, उजेड तोंडावर आला की खाली टेकवा. त्या जागी मूळच्या नाचात काहीतरी बारीकसं होतं. ते तिनं काढून टाकलं.

त्या थांब्यानं तिला मोठी केली. सहा म्हाताऱ्या बायका एका पायावर उभ्या, चेहऱ्यावर काळोख, आणि मग हळूहळू येणारा उजेड. लोक रडले. वर्तमानपत्रात छापून आलं, की या बाईनं मृतांची वाट पाहणं पाहिलं आहे. टेलिव्हिजनवाल्यांनी सगळा प्रयोग चित्रित करून दाखवला. मावरोव्रिसीच्या कॉफीच्या दुकानात गावानं तो पाहिला, आणि सुल्ताना डावीकडं वळली तेव्हा दोन-तीन बायकांनी छातीवर क्रूस काढला म्हणतात. कित्सोसनं मात्र सगळ्यांना चिपुरो दारू पाजली.

सप्टेंबरात कित्सोस वखारीत कोसळला तो उठलाच नाही. गाव काय बोलायचं ते बोललं. आसिमिना मातीला आली, तिसऱ्या दिवशी परत गेली. पुढच्या ईस्टरला ती बेल्जियममध्ये होती. तिथं तिच्या 'मंगळवार'मध्ये गावच्या बायकांच्या जागी शिकलेल्या मुली एका पायावर उभ्या होत्या, आणि त्या जराही डगमगत नव्हत्या. तिनं आईला फोन केला, बाबांची फेरी झाली ना नीट? आई म्हणाली, हो. त्यानंतर सुल्ताना कधीच नाचली नाही. आसिमिनाला वाटलं, दुःख असेल, गुडघे असतील. फार खोलात ती गेली नाही, कारण तिला पुढचं काम बसवायचं होतं.

पुढच्या कामांबद्दल काय सांगायचं? काही चांगली होती, बरीचशी फसली. ज्यांनी पूर्वी डोक्यावर घेतलं त्यांनी नाकं मुरडायला सुरुवात केली. मग देशावर कर्जबाजारीपणाची ती वाईट वर्षं आली, सरकारी मदत आटली आणि तिची मंडळी पांगली. एक बर्लिनला गेला, एकीनं पालेभाजी भरलेल्या पिटांचं दुकान काढलं आणि ते मात्र जोरात चाललं. आसिमिना नगरपालिकेच्या सभागृहात पेन्शनरांना हातपाय हलवायला शिकवू लागली. त्यांच्यावरही ती ओरडायची. त्यांना ते आवडायचं.

मग एका वर्षी नाताळानंतर आईनं अंथरूण धरलं तेव्हा आसिमिना गावी येऊन राहिली. सुल्ताना नव्वदीच्या पुढं गेली होती आणि डोकं शेवटपर्यंत लखलखीत होतं. एक दिवस आसिमिना तिला त्रहानाचं सूप भरवत होती. दोन चमच्यांनंतर आईनं तिचा हात बाजूला सारला.

"तुझ्या बापासाठी मी पुढं झाले," ती म्हणाली. "वळले. आणि पाय गेला वर, तिथंच थांबला. मी खाली घ्यायला बघतेय तर मेला येईना. दिव्याची वाट बघत होता. मागच्या पाच जणींचंही तेच. भर दुपारी, उन्हात, साऱ्या गावासमोर."

"मग?"

"मग काय. हात सोडला आणि घरी आले. राहिली त्याची फेरी."

आसिमिनानं चमचा वाडग्यात ठेवला. तू मला सांगितलं का नाहीस, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, सांगून तू काय करणार होतीस, तू तर त्याच पायावर भाकरी खात होतीस. हे ती रागानं बोलली नाही, आणि म्हणूनच ते आसिमिनाला सहन होईना. मग सुल्ताना म्हणाली, "माझ्यासाठी तूच पुढं हो. दुसरी कोण आहे? पण मला आपली चाल हवी. तुझी नको."

फेब्रुवारीत ती गेली. चाळिसाव्या दिवशी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटून झाला, पाहुणे गेले, आणि आसिमिनानं स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं. तिला वाटत होतं, अवघड काय आहे, थांबा काढून टाकला की मूळची चाल उरेल. तिनं गाणं म्हणत पावलं टाकली, वळली आणि न थांबता पुढं गेली. पाय गाण्याच्या चुकीच्या शब्दावर पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. थांब्याच्या जागी जे होतं ते असल्याशिवाय पुढचं काही जुळत नव्हतं. काय होतं तिथं? टाच फिरवणं? गुडघ्यात किंचित बसणं? लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेलं. काढून टाका म्हणून ती ओरडली होती हे स्वच्छ आठवत होतं. काय काढायला लावलं ते आठवत नव्हतं.

तिनं लाबिसला फोन केला. पिरेयसला मुलीच्या घरी राहून तो नातवंडं सांभाळत होता. पहिल्या तालमींचं काही चित्रीकरण, एखादा फोटो, काही आहे का?

"तूच तर तालमीत आलेल्या त्या पोराचा कॅमेरा रस्त्यावर फेकला होतास, बाई," लाबिस म्हणाला. "नाच जपून ठेवला की मरतो म्हणे. आता काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्या दिव्याचं चाक गंजलेलं होतं, मी दोरीनं ओढायचो, तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस राहू दे, थांबा छान दिसतोय. "मृतांची वाट बघणं," तो म्हणाला. "तीस वर्षं मुलाखतींत सांगतेयस. वाट तू माझी बघत होतीस, आसिमिना." आणि लगेच त्याला वाईट वाटलं आणि तो जेवलीस का वगैरे विचारू लागला.

मग राहिली वासिलो मावशी. त्या सहा जणींतली आता ती एकटीच उरली होती, गावच्या वरच्या अंगाला सुनेकडं. तिला माणसं ओळखू येत नसत, पण गाणी सगळी येत. आसिमिना कुलुराक्या बिस्किटं आणि कॉफीची पुडी घेऊन गेली. तिनं मावशीचे हात हातात घेतले आणि गाणं सुरू केलं, आणि म्हातारीत काहीतरी जागं झालं. सून नको नको म्हणत असताना ती खुर्चीचा आधार घेऊन उठली. उजवीकडं चार पावलं टाकली, पडते की काय असं वाटेपर्यंत डुलली, आणि वळली. आसिमिना तिच्या पायांवरून नजर हलवत नव्हती. आता दिसेल, आता दिसेल.

म्हातारीनं डावा पाय उचलला आणि अधांतरी धरला. पाय थरथरत होता, तरी ती खाली टेकवेना. तोंड वर करून ती कशाची तरी वाट बघत राहिली.

"मावशी, याच्या आधी कसं होतं?" आसिमिना म्हणाली. "मी सांगायच्या आधी. तुमचं."

"सुल्तानाची पोर फार ओरडते," मावशी म्हणाली. "टेकवू का पाय?"

टेकव, असं आसिमिना म्हणाली. सुनेनं मावशीला खुर्चीत बसवलं आणि आसिमिनाकडं असं पाहिलं, की पुन्हा त्या घरी जाण्याची तिची हिंमत झाली नाही.

गावातल्या इतर म्हाताऱ्यांनाही तिनं विचारलं. त्यांनी हात वर केले. मधली काही वर्षं नाच बंदच पडला होता, नाचायला बायकाच नव्हत्या. मग यानिनात राहणाऱ्या गावकऱ्यांनी मंडळ काढलं आणि नाच पुन्हा सुरू झाला. तो मंडळातल्या बायका कशावरून शिकल्या, हे आसिमिनानं विचारायच्या आधीच तिला कळलं होतं. मंडळाची प्रमुख फोतिनी हिचं यानिनात औषधांचं दुकान. ती ईस्टरच्या सोमवारी बारा-पंधरा बायकांना घेऊन गावात आली आणि थेट आसिमिनाच्या दारात आली. ताई, तुम्ही पुढं असणार म्हणून आम्हाला रात्रभर झोप नाही, असं म्हणाली. टेलिव्हिजनवरच्या त्या चित्रफितीवरून त्यांनी पाऊल न पाऊल उचललं होतं.

आसिमिनानं त्यांना चर्चच्या अंगणात उभं केलं आणि सांगितलं, की हे चुकीचं आहे. तो थांबा गावचा नाही, माझा आहे. दिव्यासाठी होता. तो काढा.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एवढी मोठी बाई, नम्रपणानं बोलत असेल, असं काहींना वाटलं. फोतिनी मात्र सरळ होती.

"काढू की, ताई," ती म्हणाली. "खरी कशी आहे ती दाखवा. आजच बसवून टाकू."

सगळ्या तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. आसिमिनानं पाऊल उचललं, दोन टाकली, वळली. तिनं टाच फिरवून पाहिली, ती उसनी वाटली. गुडघ्यात वाकून पाहिलं, ते नाटकी वाटलं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या अंगात खोटं बरोबर ओळखलं होतं, ते तिला आता आपल्या अंगातही दिसत होतं. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, राहू दे. फोतिनीनं तिला पाणी आणून दिलं. बायकांना वाटलं, आईच्या आठवणीनं बाईचा धीर सुटला.

पुढं व्हायचंच नाही, असाही विचार तिनं केला. पण मग सुल्तानाची फेरी कायमची बुडणार, कित्सोसची बुडाली तशी. आणि पुढं झालं तर आईनं जे नको म्हणून सांगितलं तेच आईला देणं होणार. तिनं खूप विचार केला आणि त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही. निष्पन्न होण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मंगळवारी ऊन चांगलं होतं. जर्मनीतून, अथेन्समधून आलेली माणसं भिंतीकडेनं उभी होती, पोरं लाल अंडी आपटून फोडत होती. त्या वर्षी गावात एकच मयत झाली होती. उजवीकडच्या फेऱ्या संपल्या, गाणं बदललं आणि बायकांनी आसिमिनासाठी जागा केली. तिनं फोतिनीचा हात धरला. आई, मला येत नाही, असं ती मनात म्हणाली, आणि वळली.

थांबा आला. सगळ्या ओळीचे डावे पाय एकदम उचलले गेले. सुरुवातीला तिनं डोळे मिटून आईचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला. पण सवय वाईट. तिनं डोळे उघडले आणि मान किंचित वळवून ओळीकडं नजर टाकली, जशी ती अंधाऱ्या प्रेक्षागृहातून टाकत आली होती. ओळ सुंदर होती. गॅरेजातल्या त्या थंडीत तिला जे हवं होतं आणि दमलेल्या बायकांकडून कधी मिळालं नव्हतं, ते भर उन्हात समोर उभं होतं. फक्त शेवटून दुसरी बाई डुलत होती, आणि तिच्यामुळं सगळी ओळ बिघडत होती.

"शेवटून दुसरी," आसिमिना म्हणाली. "खांदा खाली. वजन टाचेवर घे."

ती मोठ्यानं बोलली होती. भिंतीकडेच्या माणसांनीही ते ऐकलं. त्या बाईनं खांदा खाली घेतला, वजन टाचेवर घेतलं आणि ती स्थिर झाली. आता, असं आसिमिना म्हणाली, आणि सगळे पाय एका वेळी जमिनीला लागले.

फेरी पूर्ण झाली तशा बायका तिच्याभोवती जमल्या. फोतिनी डोळे पुसत म्हणाली, की ताई, इतकी नीट आमची कधीच झाली नव्हती, तुमच्या आईंना फार समाधान वाटलं असेल. आसिमिनानं मान हलवली. ओळ वळल्यापासून शेवटच्या पावलापर्यंत काय काय झालं ते तिला सगळं आठवत होतं, कुठल्या बाईचा पाय किती वर होता तेसुद्धा. त्यात आई कुठंच नव्हती. पुरुषांनी कोकरू भाजायच्या शेगडीवरून हाका मारायला सुरुवात केली होती, आणि ती सगळ्यांबरोबर जेवायला गेली.